जोडीसाठी एक बंद दार

2013 ते 2015 या काळात ठाण्यापासून कल्याणपर्यंतच्या कितीतरी घरांत संध्याकाळचा स्वयंपाक झी मराठीच्या वेळापत्रकावर चालायचा. आठच्या आत कुकर उतरवायचा, कारण आठला ‘होणार सून मी ह्या घरची’. त्यातली जान्हवी म्हणजे तेजश्री प्रधान, डोंबिवलीची मुलगी. त्याच दिवसांत गाजलेल्या ‘जुळून येती रेशीमगाठी’मधला आदित्य म्हणजे ललित प्रभाकर, कल्याणच्या ‘मिती-चार’ या नाट्यसंस्थेतून पुढे आलेला. श्री-जान्हवी आणि आदित्य-मेघना या दोन लाडक्या जोड्यांमधलं एकेक माणूस या भागातलं होतं. इथल्या बायका त्या जोड्यांबद्दल घरच्या लग्नाबद्दल बोलावं तशा हक्काने बोलत, त्यामागे हेही एक कारण होतं.

मालिका सगळे बघतात. जोडी मात्र काही जण जपतात. दुसऱ्या गटातल्या माणसाला कथानक पुढे सरकण्याची फारशी घाई नसते. त्याला हवा असतो तो एक क्षण: त्याने तिच्यासाठी ठेवलेला चहाचा कप, भांडण झाल्यावर दारात थबकलेली ती, तीन आठवड्यांनी पहिल्यांदा घेतलेलं नाव. मराठी मालिकांनी हा क्षण लांबवण्याची एक हुकमी रचना शोधली आहे, ती म्हणजे लग्न आधी आणि प्रेम नंतर. 2012 मध्ये सतीश राजवाडे यांच्या ‘एका लग्नाची दुसरी गोष्ट’मध्ये घना आणि राधा घरच्यांसाठी लग्नाचं नाटक करतात आणि त्या नाटकातच गुंतत जातात. ‘रेशीमगाठी’मध्ये मेघनाचं मन दुसऱ्याच मुलात असतं आणि देसायांच्या घरातला तिचा नवरा वाट बघतो. डिसेंबर 2022 मध्ये स्टार प्रवाहवर सुरू झालेल्या ‘ठरलं तर मग’मध्ये आश्रमात वाढलेली सायली आणि वकील अर्जुन सुभेदार यांचं लग्न तर चक्क कराराचं. तिन्ही गोष्टींत प्रेक्षकाला पहिल्या आठवड्यापासून जे दिसतं, ते पात्रांना कळायला महिनेच्या महिने जातात. आपल्याला कळलंय आणि त्यांना कळत नाहीये, या अवस्थेत माणसाला गप्प बसवत नाही. ते कुणाला तरी सांगावंच लागतं.

पण सांगायचं कुणाला? घरात सोफ्यावर बसलेला नवरा म्हणतो, ‘अजून तेच चाललंय?’ कॉलेजातल्या मुलीला मैत्रिणी म्हणतात, ‘तू मराठी सीरियल बघतेस?’ सेंट्रल रेल्वेच्या बायकांच्या डब्यात हे बोलणं वर्षानुवर्षं चाललं. ज्या डब्यात मटारच्या शेंगा सोलल्या जातात, डोहाळजेवणं होतात, हळदीकुंकवाचं वाण वाटलं जातं, तिथे कालच्या भागावर चर्चा होणारच. मात्र डब्यातल्या मैत्रिणी एका गाडीच्या असतात. बदली झाली, वेळ बदलली की ती मैफल सुटते. शिवाय गर्दीत उभं राहून, कुणीतरी ऐकत असताना, ‘तो तिच्याकडे कसा बघत होता’ हे पूर्ण मनापासून सांगता येत नाही.

मोकळं समाजमाध्यमही त्यासाठी बरं नाही. वाहिनीच्या पानावर प्रोमो पडला की खाली दहा मिनिटांत एकीकडे लाडाचे शब्द, दुसरीकडे ‘बंद करा ही मालिका’, तिसरीकडे अभिनेत्रीच्या वजनावर शेरे. तिथे मनातलं लिहिणारी मुलगी दुसऱ्यांदा लिहीत नाही. बंद ग्रुपची गरज इथे उभी राहते. त्यात लपवण्यासारखं काही नसतं. लाड करायला आडोसा लागतो, एवढंच. जगभर हे असंच घडलं आहे. अमेरिकेत 1966 मध्ये ‘स्टार ट्रेक’ सुरू झाली आणि दुसऱ्याच वर्षी ‘स्पॉकनेलिया’ हे तिच्या चाहत्यांचं पहिलं हस्तनिर्मित नियतकालिक निघालं. पुढे कर्क आणि स्पॉक या जोडीवरच्या कथा कित्येक वर्षं ओळखीच्या हातातून ओळखीच्या हातातच गेल्या. लिहिणाऱ्यांत बहुसंख्य बायका होत्या, आणि आपल्या लिखाणाची टवाळी होईल याची त्यांना पुरती जाणीव होती. इंटरनेट आल्यावर फक्त टपालाचं काम तारेनं घेतलं.

आता ग्रुप काढायचा कसा, ते पाहू. पहिला निर्णय जागेचा, आणि तो बहुतेक जणी विचार न करता घेतात. व्हॉट्सॲप सगळ्यांकडे आहे, म्हणून व्हॉट्सॲप. तिथली एक गोष्ट आधीच माहीत असायला हवी: साध्या ग्रुपमध्ये प्रत्येकाचा मोबाइल नंबर प्रत्येकाला दिसतो. ओळखीच्या बारा जणींत त्याचं काही वाटत नाही. तोच ग्रुप दीडशेवर गेला की त्यातली अंबरनाथची एकोणीस वर्षांची मुलगी स्वतःचा नंबर दीडशे अनोळखी लोकांना देऊन बसलेली असते. रात्री साडेबाराला ‘हाय’ येतो तो तिथूनच. ग्रुप वाढवायचाच असेल तर व्हॉट्सॲपची ‘कम्युनिटी’ ही सोय आहे. तिच्या सूचनांच्या ग्रुपमध्ये सभासदांचे नंबर एकमेकांना दिसत नाहीत. टेलिग्रामवर नंबर झाकून टोपणनावाने वावरता येतं. फेसबुकवर ‘खासगी’ आणि शोधात न दिसणारा असा ग्रुप काढता येतो. 2019 पर्यंत तिथे ‘क्लोज्ड’ आणि ‘सिक्रेट’ असे दोन वेगळे प्रकार होते. आता खासगी ग्रुप काढून तो शोधात दिसावा की लपावा हे वेगळं ठरवावं लागतं, आणि ही दुसरी निवड करायला लोक हमखास विसरतात.

व्हॉट्सॲपच्या ग्रुपची मर्यादा 2016 मध्ये 256 झाली, 2022 मध्ये आधी 512 आणि मग 1024. म्हणून आपण 1024 माणसं गोळा करावीत असं मुळीच नाही. जोडीच्या ग्रुपला मोठेपणा मानवत नाही, असं माझं ठाम मत आहे. चाळीस-पन्नास जणींपर्यंत प्रत्येकीचा आवाज ओळखता येतो: ही संवादांवर बोलते, हिला त्याच्या शर्टांचे रंग लक्षात राहतात, ही एक शब्द लिहीत नाही पण प्रत्येक संदेशाला बदाम देते. त्यापुढे मोजक्या आठ जणी बोलतात आणि बाकीच्या नुसत्या वाचत राहतात.

आत कुणाला घ्यायचं, याचा उत्तम नमुना आपल्याकडे आधीपासून आहे: भिशी. भिशीत अनोळखी बाई येत नाही; कुणीतरी तिची हमी घेऊन तिला आणते आणि ती चुकली तर हमी घेणारीला विचारणा होते. ग्रुपलाही हाच कायदा लावावा. आमंत्रणाची लिंक बनवून ती इन्स्टाग्रामच्या फॅनपेजवर टाकणं हा सगळ्यात सोपा आणि सगळ्यात वाईट मार्ग. 2020 च्या फेब्रुवारीत असं उघड झालं होतं की लोकांनी इंटरनेटवर उघड्यावर ठेवलेल्या अशा व्हॉट्सॲप लिंका गूगलच्या शोधात सापडत होत्या आणि कुणीही आत शिरू शकत होतं. लिंक वापरायचीच तर ‘नवीन सभासदाला अ‍ॅडमिनने मंजुरी द्यायची’ हा पर्याय चालू ठेवावा आणि महिन्याने लिंक बदलावी.

येणारीला परीक्षा घेतल्यासारखे प्रश्न विचारू नयेत. ‘मेघनाच्या पहिल्या प्रियकराचं नाव सांगा’ याचं उत्तर कुणीही शोधून देईल. (तेही आदित्यच, आदित्य नगरकर, आणि हा नावांचा खेळ त्या मालिकेतली फार सुंदर युक्ती होती.) त्याऐवजी विचारावं, ‘ही जोडी तुझ्या मनात कधी बसली?’ आणि उत्तर व्हॉइस नोटने पाठवायला सांगावं. ज्याने खरोखर जीव लावलाय तो माणूस तीस सेकंदांत थांबत नाही. समजा, कल्याणच्या खडकपाड्याच्या एक काकू उत्तर देतात: ‘अगं, तो तिला औषध देतो ना, आणि तोंडाने एक शब्द बोलत नाही, तिथेच गं.’ अशी नोट आली की दुसरा प्रश्न विचारायचं कारण उरत नाही.

या पट्ट्यातल्या ग्रुपचा सगळ्यात अवघड नियम रेल्वेच्या वेळापत्रकातून येतो. सीएसएमटीपासून डोंबिवली सुमारे 48 किलोमीटर आणि कल्याण सुमारे 54. फोर्टमधून सातला निघालेली बाई फास्ट लोकल मिळाली तरी घरात येईपर्यंत साडेआठ होतात, वाटेत भाजी, रिक्षाची रांग, मग मुलांचं जेवण. ती आठचा भाग साडेदहाला बघते. घोडबंदर रोडवर घरून काम करणारी तिची मैत्रीण तोच भाग आठला बघते. रात्रपाळीची नर्स दुसऱ्या दिवशी दुपारी. त्यात भर म्हणजे ॲपवर पैसे भरणाऱ्यांना काही मालिकांचा भाग टीव्हीच्याही आधी बघायला मिळतो. चार जणी, चार वेळा आणि एक ग्रुप. आठ वाजून बारा मिनिटांनी पहिली किंचाळी पडते, ‘बोलला!! शेवटी बोलला!!’ आणि लगेच खाली येतं, ‘अगं थांब ना, मी अजून ठाकुर्लीलाच आहे!’

ज्या कबुलीची सात महिने वाट पाहिली ती ठाकुर्लीच्या फलाटावर कुणाच्या तरी संदेशातून कळावी, हे दुःख बाहेरच्याला हास्यास्पद वाटेल. आतल्या माणसाला ते खरं आहे, आणि अनेक ग्रुप इथेच फुटतात. उपाय दोन खोल्यांचा. एक ग्रुप चालू भागाचा, ज्यात यायचं ते बघून झाल्यावर किंवा बघता बघता. दुसरा सगळ्यांचा, जिथे त्या दिवसाच्या भागावर दुसऱ्या दिवशी दुपारपर्यंत एक अक्षर नाही. दोन्ही एकाच कम्युनिटीखाली ठेवता येतात. नियम नीट आखायचा तर त्यात डीपी आणि स्टेटसही यायला हवेत. कुणी ग्रुपात काही न फोडता गप्प बसते, पण नऊ वाजता डीपीवर त्या मिठीचा स्क्रीनशॉट लावते. झालं, सगळ्यांना कळलं. ॲपवर आधी बघणारीने तर टीव्हीवर भाग संपेपर्यंत चालू खोलीतही तोंड उघडायचं नाही. तिला हे जड जातं, म्हणून अशा तिघी-चौघींनी आपसात वेगळं बोलावं. त्याला हरकत नसावी.

हा नियम राखायला अ‍ॅडमिन तीन तरी हव्यात आणि त्या तीन वेगवेगळ्या वेळांच्या हव्यात: एक सकाळी मोकळी, एक दुपारी, एक रात्री उशिरा जागणारी. 2022 पासून व्हॉट्सॲपवर अ‍ॅडमिनला दुसऱ्याचा संदेश सगळ्यांसाठी पुसता येतो. तो पुसल्यावर त्या व्यक्तीला खासगीत एक ओळ लिहिणं फार गरजेचं आहे. ‘ताई, रागावू नका, दोघी-तिघींनी अजून पाहिलेलं नाही, उद्या दुपारी परत टाका.’ चारचौघांत झापलेली बाई ग्रुप सोडते आणि सोबत आणखी पाच जणींना नेते.

जोडी पात्रांची असते, ती साकारणाऱ्या माणसांची नसते. ग्रुपच्या पहिल्या दिवशी हे लिहून ठेवावं आणि दर महिन्याला पुन्हा सांगावं. याबाबतीत मी सगळ्यात आग्रही आहे. श्री आणि जान्हवी साकारणाऱ्या शशांक केतकर आणि तेजश्री प्रधान यांनी 2014 मध्ये प्रत्यक्षात लग्न केलं, तेव्हा प्रेक्षकांना आपलंच स्वप्न खरं झाल्यासारखं वाटलं. पुढे ते वेगळे झाले. त्या वेळी चाहत्यांतल्या कितीतरी जणांना ते दोघे आपल्याला उत्तर देणं लागतात असं वाटू लागलं. ते काहीही देणं लागत नव्हते. पात्रावर हक्क सांगता येतो, कारण ते पात्र आपल्यासाठी रचलेलं असतं. माणसावर तो सांगता येत नाही. अमेरिकन समाजशास्त्रज्ञ डोनाल्ड हॉर्टन आणि रिचर्ड वोल यांनी 1956 मध्येच लिहून ठेवलं होतं की पडद्यावरच्या माणसाशी प्रेक्षकाचं एकतर्फी पण जिवलग नातं तयार होतं. ते नातं खोटं नाही. एकतर्फी आहे, हे विसरलं की त्रास सुरू होतो.

ठाण्यात हा धोका आणखी जवळ येतो. घोडबंदर रोडच्या परिसरात मालिकांचे सेट लागतात. गडकरी रंगायतनला किंवा डोंबिवलीच्या सावित्रीबाई फुले कलामंदिरात हेच कलाकार नाटकाला येतात. भाजी घेताना समोर दिसू शकतात. नाटकानंतर भेटून दोन शब्द बोलावेत, त्यात आनंदच आहे. पण सेटबाहेर उभं राहून काढलेले फोटो, कुणाची गाडी कुठल्या सोसायटीत शिरली, कुणासोबत जेवताना दिसला, हे ग्रुपमध्ये येता कामा नये, आणि आलं तर ते पुसण्यात एका मिनिटाचाही उशीर नको.

कलाकार बदलतो तेव्हा खरी परीक्षा होते. ‘प्रेमाची गोष्ट’मध्ये सागर आणि मुक्ताची जोडी जमली होती, जानेवारी 2025 मध्ये मुक्ताच्या भूमिकेत तेजश्री प्रधानऐवजी स्वरदा ठिगळे आली. पात्र तेच, चेहरा नवा. अशा वेळी ग्रुपात दोन तट पडतात. काही जणींसाठी जोडी तिथेच संपलेली असते आणि काही जणी नव्या चेहऱ्याला संधी द्यायला तयार असतात. दोन्ही बाजूंना जागा द्यावी, फक्त नव्याने आलेल्या मुलीवर आधीच्या प्रेमाचा सूड उगवू देऊ नये. ती तिचं काम करायला आलेली असते.

कायद्याचं थोडक्यात सांगतो, कारण अ‍ॅडमिन झालेल्या बायकांना त्याची भीती फार असते. नोव्हेंबर 2012 मध्ये पालघरच्या, म्हणजे तेव्हाच्या ठाणे जिल्ह्यातल्या, दोन तरुणींना एका साध्या फेसबुक पोस्टवरून अटक झाली होती. त्यानंतरच्या लढाईतून सर्वोच्च न्यायालयाने 24 मार्च 2015 रोजी माहिती तंत्रज्ञान कायद्याचं कलम 66-अ रद्द केलं. अ‍ॅडमिनच्या जबाबदारीबद्दल मुंबई उच्च न्यायालयाच्या नागपूर खंडपीठाने 2021 मध्ये गोंदिया जिल्ह्यातल्या एका प्रकरणात स्पष्ट केलं की सभासदाने टाकलेल्या आक्षेपार्ह मजकुरासाठी अ‍ॅडमिनला आपोआप गुन्हेगार धरता येणार नाही. दोघांचा समान हेतू दिसला तरच. तेव्हा अ‍ॅडमिनपदाला घाबरू नये. मात्र अख्खा भाग रेकॉर्ड करून ग्रुपमध्ये वाटू नये. मालिका वाहिनीची आणि निर्मात्यांची मालमत्ता आहे, आणि आवडती जोडी पडद्यावर टिकायची तर लोकांनी ती तिच्या जागी जाऊन बघायला हवी.

शाळकरी मुलींचं काय करायचं, हे आधी ठरवावं. जोडीच्या प्रेमात दहावीतली मुलगी आणि तिच्या आजीच्या वयाची बाई एकाच वेळी पडतात आणि ते सुंदर आहे. पण ग्रुपमधल्या काही कथा मोठ्यांसाठीच्या असतात. मुलीची आई किंवा मावशीही ग्रुपात असेल तरच तिला घ्यावं, आणि मोठ्यांच्या कथांची खोली वेगळी ठेवावी.

कथांबद्दल सांगायला हवं, कारण ग्रुपात जे काही कायमचं राहतं ते इथून येतं. मालिकेने न दाखवलेला प्रसंग कुणीतरी लिहिते. लग्नानंतरच्या पहिल्या पावसाळ्यात दोघं ऑफिसातून एकत्र परत आले असते तर? डोंबिवली स्टेशनच्या पुलावर छत्री एकच असती तर? प्रतिलिपीसारख्या ॲपवर मराठीत अशा कथा हौसेने लिहिल्या-वाचल्या जातात. पण पहिली कथा उघड्यावर टाकायचं धाडस थोड्यांनाच होतं. ती आधी ग्रुपात येते, दोन परिच्छेदांची, शुद्धलेखनाच्या चुकांसह. तिला मिळणारं पहिलं उत्तर जपून द्यावं. ‘पुढे?’ हा एक शब्द पुरतो. आयुष्यात बिलं आणि अर्ज यांपलीकडे काही न लिहिलेल्या बायका या एका शब्दावर वीस-वीस भागांची कथा लिहितात. अशा लेखनाची नोंद ठेवणारी एक जण नेमावी: कुणी काय लिहिलं, कधी, आणि ते ग्रुपबाहेर द्यायला तिची परवानगी आहे का. परवानगीशिवाय कुणाची कथा, व्हॉइस नोट किंवा स्क्रीनशॉट बाहेर गेला तर पाठवणारीला काढावंच. दुसरी संधी इथे नको.

वर्षातून एकदा प्रत्यक्ष भेटावं. इथले सभासद एकाच रेल्वेमार्गावर राहतात, ही मोठी सोय आहे. दिवाळीच्या पहाटे डोंबिवलीच्या फडके रोडवर गणेश मंदिराजवळ तसंही अख्खं गाव नटून जमतं. तिथे दहा जणी एकमेकींना आवाजावरून ओळखतात. पहिली भेट कुणाच्या घरी नको, अशाच गजबजलेल्या जागी हवी.

मग मालिका संपते. शेवटच्या आठवड्यात ग्रुप दिवसरात्र वाजत असतो, आणि महिन्याभरात शांत होतो. जोडी मात्र मालिकेबरोबर संपेलच असं नाही. स्टार प्लसवरची ‘इस प्यार को क्या नाम दूं?’ 2012 च्या नोव्हेंबरात संपली. अर्णव-खुशीच्या, म्हणजे ‘अर्शी’च्या चाहत्यांनी तिला इतकं धरून ठेवलं की 2015 मध्ये त्याच दोघांना घेऊन हॉटस्टारवर ‘एक जश्न’ ही छोटी मालिका आली. घना-राधा साकारणारे स्वप्नील जोशी आणि मुक्ता बर्वे मालिकेनंतरही ‘मुंबई-पुणे-मुंबई’च्या पुढच्या दोन चित्रपटांत भेटत राहिले. तुमच्या जोडीला असं नशीब लाभेलच असं नाही. म्हणून शेवटच्या भागानंतर पंधरा दिवसांनी ग्रुपात सरळ विचारावं: पुढे राहायचं का? ज्यांना जायचंय त्यांना मोकळेपणाने जाऊ द्यावं, जुनी लिंक बंद करावी, कथांची वही ज्यांनी त्या लिहिल्या त्यांच्या हवाली करावी. राहणाऱ्यांनी पहिल्या भागापासून मालिका पुन्हा लावावी, आठवड्याला एक भाग, शनिवारी दुपारी. त्या वेळी कुणीच लोकलमध्ये नसतं, आणि सगळ्यांना एकत्र बघता येतं.